परत न केलेली मेमरी

४ नोव्हेंबर १९९२. पहाटेचे दोन वाजून गेले आहेत. लंडनच्या रुग्णवाहिका सेवेची संगणक यंत्रणा आधी मंदावते आणि थोड्याच वेळात पूर्ण अडकते. कारण नंतर कळतं: फाइल सर्व्हरची मेमरी संपली होती. ती एका क्षणात संपली नव्हती. तीन आठवडे, रुग्णवाहिकेच्या दर रवानगीमागे थोडी थोडी अशी ती जात होती. याच तीन आठवड्यांत या सेवेवर दुसरं एक मोठं संकट येऊन गेलं. त्याकडे सगळ्या देशाचं लक्ष होतं. या गळतीकडे कोणाचंच नव्हतं.

उरले सुमारे २१ दिवस: ऑक्टोबरचा मध्य

लंडन ॲम्ब्युलन्स सर्व्हिसचं मुख्यालय वॉटर्लू रोडवर. तिच्या हद्दीत सुमारे ६०० चौरस मैलांचा प्रदेश आणि ६८ लाख रहिवासी. नियंत्रण कक्षात रोज २००० ते २५०० फोन यायचे. त्यांतले १३०० ते १६०० थेट ९९९ या आणीबाणीच्या क्रमांकावरचे. फोन आल्यापासून तीन मिनिटांत गाडी रवाना करायची, असं उद्दिष्ट होतं. कागदी चिठ्ठ्या आणि नकाशांच्या जोरावर ते गाठणं अवघड जात होतं, म्हणून संगणक आणायचा ठरला. मूळ वेळापत्रकानुसार सगळी यंत्रणा ८ जानेवारी १९९२ पर्यंत पूर्ण व्हायची होती. ती तारीख चुकली आणि काम तुकड्यातुकड्याने अंगावर घेतलं गेलं. चालू यंत्रणेतच बदल होत राहिले.

असाच एक बदल ऑक्टोबरच्या मध्यावर झाला. यंत्रणा बनवणाऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका प्रोग्रामरने काहीतरी काम केलं आणि कोडचा एक तुकडा अनवधानाने मागे राहिला. यंत्रणेने रुग्णवाहिका रवाना केली की हा तुकडा सर्व्हरची थोडी मेमरी वापरायचा आणि ती सोडायचा नाही. एवढंच.

हे 'सोडणं' म्हणजे काय ते नीट समजून घ्यायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. प्रोग्रामला लागणारी काही मेमरी आपोआप मिळते आणि आपोआप सुटते. फंक्शन सुरू झालं की स्टॅकवर जागा तयार होते, फंक्शन संपलं की ती मोकळी होते. पण काही माहिती त्या फंक्शनपेक्षा जास्त काळ टिकायला हवी असते, आणि ती किती असेल हे आधी ठाऊक नसतं. तिच्यासाठी मेमरीचा वेगळा साठा, म्हणजे हीप, असतो. सी भाषेत 'मॅलॉक'ला किती बाइट हवेत ते सांगायचं. तो हीपमधला एक तुकडा राखून त्याचा पत्ता हाती देतो. काम झालं की तोच पत्ता 'फ्री'ला द्यायचा. मेमरी वाटणारे बहुतेक अलोकेटर त्या तुकड्याला लागूनच त्याचा आकार नोंदवून ठेवतात, त्यामुळे परत करताना आकार सांगावा लागत नाही. पत्ता मात्र सांगावाच लागतो. पत्ता ठेवणारं व्हेरिएबल नाहीसं झालं किंवा त्यात दुसराच पत्ता लिहिला गेला, तर तो तुकडा वापरताही येत नाही आणि परतही करता येत नाही. अलोकेटरच्या वहीत तो अजून कोणाच्या तरी कामात असतो.

गावकीच्या भांड्यांचा कारभार असाच चालतो. लग्नकार्याला पातेली, पराती मोजून न्यायच्या, वहीत नाव लिहायचं, कार्य उरकलं की मोजून परत करायच्या. भांडारवाला घरोघरी फिरून भांडी गोळा करत नाही. सीमधल्या अलोकेटरचंही तेच. तो मागितलेलं देतो, आणलेलं घेतो, पण मागायला येत नाही.

लंडनच्या यंत्रणेचा मोठा भाग सीमध्ये नव्हे, तर तेव्हा अगदी नव्या असलेल्या व्हिज्युअल बेसिकमध्ये लिहिलेला होता. पण भाषा वरच्या पातळीची असो वा खालच्या, एखाद्या सर्व्हरची मेमरी मागून घेतली असेल तर ती सोडायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सुटत नाही. या बदलात तो कोणी विचारला नाही.

उरले २० ते १० दिवस

यंत्रणा नेहमीसारखी चालली आहे. फोन येतो, पत्ता नोंदला जातो, गाडी निघते. जो कोणी हा बदल तपासून पाहील त्याला सगळं बरोबरच दिसेल, कारण पहिली रवानगी आणि दहा हजारावी रवानगी यांच्या निकालात काही फरक नसतो. फरक असतो तो मागे उरलेल्या मोकळ्या मेमरीत, आणि ती कोणी मोजत नाही.

रवानगीमागे नेमके किती बाइट जात होते याला फार महत्त्व नाही. हिशेबापुरते शंभर धरू. दिवसाला दीड हजार रवानग्या धरल्या तर तीन आठवड्यांत एकतीस हजारांवर जातात, म्हणजे तीस लाखांहून जास्त बाइट, तीन मेगाबाइट. आज हा आकडा क्षुल्लक वाटेल. पण १९९२ साली सर्व्हरची मेमरी मेगाबाइटांतच मोजली जायची आणि त्या मोजक्या मेगाबाइटांत बाकीची सगळी कामंही चालायची.

मेमरी गळतीचा हाच खरा धोका आहे. रोज संध्याकाळी बंद होणाऱ्या प्रोग्राममध्ये ती लपून जाते, कारण प्रोग्राम संपला की ऑपरेटिंग सिस्टिम त्याची सगळी मेमरी काढून घेते. सर्व्हर मात्र संपण्यासाठी लिहिलेलाच नसतो. तो रात्रंदिवस चालतो आणि त्याच्यावर कामाचा बोजा जितका जास्त, तितकी गळती वेगवान. लंडनमध्ये वाचवायला निघालेल्या प्रत्येक गाडीबरोबर यंत्रणेचं स्वतःचं आयुष्य कमी होत होतं.

उरले सुमारे २१० तास: सोमवार, २६ ऑक्टोबर, सकाळ

आता पूर्ण संगणकीकरणाचा दिवस. नियंत्रण कक्षाची मांडणी बदलली आहे. आजवर शहर तीन विभागांत वाटून काम चालायचं. आजपासून सगळं लंडन एकच. कागद हद्दपार. कोणती गाडी पाठवायची हे संगणक सुचवणार. गाड्यांमध्ये बसवलेली यंत्रं त्यांचं ठिकाण आणि स्थिती कळवत राहणार.

या घडीला यंत्रणेत ८१ ज्ञात दोष आहेत, गंभीर ते किरकोळ अशी त्यांची प्रतवारीही झालेली आहे. मेमरीची गळती त्यांत असण्याचा प्रश्नच नाही, कारण तिच्याबद्दल कोणाला माहितीच नाही. पूर्ण ताकदीचा बोजा टाकून यंत्रणेची चाचणीही झालेली नाही.

सकाळी काम हलकं असतं. चुका दिसतात तशा माणसं दुरुस्त करत जातात.

उरले सुमारे २०० तास: २६ ऑक्टोबर, दुपार ते रात्र

फोन वाढतात आणि यंत्रणेचं गृहीतक उघडं पडतं. प्रत्येक गाडी कुठे आहे आणि मोकळी आहे की कामात, हे जवळपास अचूक कळलं तरच ती चालते. पण रेडिओ काही भागांत पोचत नाही. घाईत कर्मचाऱ्यांकडून बटण चुकीचं दाबलं जातं किंवा राहून जातं. नेमून दिलेल्या गाडीऐवजी कर्मचारी दुसरीच गाडी घेऊन निघतात. माहिती बिघडली की निवड बिघडते. एकाच ठिकाणी दोन गाड्या जातात, कुठे जवळची सोडून लांबची निघते, कुठे कोणीच जात नाही.

प्रत्येक विसंगतीमागे पडद्यावर सूचना येते. सूचनांची रांग इतकी वाढते की जुन्या सूचना पडद्याच्या वरच्या कडेपलीकडे निघून जातात. रांग वाढली की यंत्रणा मंदावते. गाडी आली नाही म्हणून लोक पुन्हा फोन करतात आणि रांग आणखी वाढते. वैतागलेले कर्मचारी रेडिओवरून विचारणा करतात आणि रेडिओही तुंबतो. फोन कितीतरी वेळ नुसते वाजत राहतात.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे नेमलेल्या चौकशी समितीने स्पष्ट नोंदवलं की २६ आणि २७ ऑक्टोबरला संगणक तांत्रिक अर्थाने बंद पडलाच नव्हता. प्रतिसाद अधूनमधून नको इतका संथ झाला, पण यंत्रणा जशी घडवली होती तशीच वागली. बिघाड घडणीत होता. मेमरी अजून शिल्लक होती.

उरले १८० तास: मंगळवार, २७ ऑक्टोबर, दुपारी २ च्या सुमारास

नियंत्रण कक्ष माघार घेतो. पूर्ण मागे नाही, अर्धा. फोनवरची माहिती संगणकावरच घ्यायची, पण ती छापून काढायची. कोणती गाडी पाठवायची हे माणसांनी जवळच्या केंद्राशी बोलून ठरवायचं. एकदा ठरलं की रवानगीचा संदेश संगणकातूनच जाणार. फोन घ्यायला माणसं वाढवली जातात.

हा निर्णय योग्य होता. लंडनकरांना दिलासा मिळाला आणि गाड्या वेळेवर निघू लागल्या. पण गळतीच्या बाजूने पाहिलं तर काहीच बदललं नाही. बदललेल्या पद्धतीत निवड माणसाची होती, पण रवानगी यंत्रणेचीच होती. गळणारा तुकडा नेमका तिथे बसलेला होता.

उरले सुमारे १५८ तास: बुधवार, २८ ऑक्टोबर

सेवेचे मुख्य कार्यकारी अधिकारी जॉन विल्बी राजीनामा देतात. आरोग्यमंत्री व्हर्जिनिया बॉटमली यांच्यावर प्रश्नांचा भडिमार होतो आणि चौकशी जाहीर होते. उशिरा पोचलेल्या गाड्यांमुळे किती जीव गेले याचे अंदाज वर्तमानपत्रं छापतात. चौकशी अहवालाने पुढे नोंदवलं की मृत्यूचं कारण तपासणाऱ्या कोणत्याही कॉरोनरच्या न्यायालयाने एखाद्या मृत्यूचा दोष सेवेच्या उशिराला दिलेला नाही. पण त्या दोन दिवसांत फोनला कान लावून बसलेल्या घरांची घालमेल कोणत्याही अहवालात मावणारी नव्हती.

उरले १४६ ते २ तास: २९ ऑक्टोबर ते ३ नोव्हेंबर

आठवडा सुरळीत जातो. आणि माझ्या मते, या सगळ्या घटनाक्रमातला सर्वात धोक्याचा काळ हाच आहे.

मोठं संकट निवळलं की माणूस हुश्श करतो. दोष सापडला, उपाय झाला, आता बरं चाललं आहे, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण २६ तारखेच्या गोंधळाची कारणं आणि गळतीचं कारण यांचा एकमेकांशी संबंध नव्हता. पहिली कारणं घडणीतली, प्रशिक्षणातली, घाईतली. दुसरं कारण कोडच्या एका तुकड्यातलं. पहिल्यावरचा उपाय दुसऱ्याला लागू पडणार नव्हता.

या दिवसांत कोणी सर्व्हरची मोकळी मेमरी रोज एका ठरलेल्या वेळी लिहून ठेवली असती, तर चार-पाच नोंदींतच चढउतार नसलेली, सरळ खाली जाणारी रेघ दिसली असती. निरोगी प्रोग्रामने वापरलेली मेमरी कामाबरोबर वाढते आणि काम उतरलं की पुन्हा पूर्वीच्या पातळीवर येते. गळणाऱ्या प्रोग्रामची पातळी रात्री काम कमी झालं तरी पूर्वीच्या जागी परतत नाही. ते पाहायला महागडं साधन लागत नाही. लागते ती नोंद ठेवायची सवय, आणि सेवेकडे यंत्रणांचं जाळं सांभाळणारा स्वतःचा माणूसही नव्हता.

शून्य: बुधवार, ४ नोव्हेंबर, पहाटे २ वाजून गेल्यावर

रात्रीची वर्दळ कमी आहे. तरी पडदे हळू उघडू लागतात. नेहमी चटकन होणारं काम रेंगाळतं.

मेमरी संपत आलेल्या यंत्रणेचं हे लक्षण ओळखीचं आहे. मागितलेल्या आकाराचा मोकळा तुकडा सापडणं अवघड होत जातं. शेवटी मागणी नाकारली जाते. सीमध्ये अशा वेळी मॅलॉक 'नल' देतो, म्हणजे पत्ताच नाही. ते तपासून पुढे काय करायचं हे लिहिणाऱ्याने ठरवलेलं असेल तर प्रोग्राम सन्मानाने थांबू शकतो. ठरवलेलं नसेल तर तो त्या नसलेल्या पत्त्यावर लिहायला जातो आणि कोसळतो. आणि मेमरी नाकारली जाते ती गळणाऱ्या कोडलाच असं नाही. त्या क्षणी जो कोणी मागेल त्याला. म्हणून गळतीमुळे पडलेला प्रोग्राम बहुतेक वेळा निर्दोष ओळीवर पडलेला सापडतो.

लंडनची यंत्रणा पूर्ण अडकते.

पुढची काही मिनिटं

अशा वेळी काय करायचं हे कर्मचाऱ्यांना शिकवलेलं होतं: टेबलावरची यंत्रं बंद करून पुन्हा चालू करा. ते तसं करतात. उपयोग होत नाही. गेलेली मेमरी टेबलावरच्या यंत्रांची नव्हती, फाइल सर्व्हरची होती. शिकवलेला उपाय दुसऱ्याच आजाराचा होता.

यंत्रणेत असलेले फोन आता छापून निघत नाहीत. संगणकातून रवानगीही होत नाही.

यासाठीच दुसरा, राखीव सर्व्हर होता. पहिला पडला की त्याने सूत्रं हाती घ्यायची होती. तो घेत नाही. राखीव सर्व्हरची सोय पूर्णपणे कागदमुक्त यंत्रणेसाठी आखलेली होती. त्या पहाटे चालू असलेल्या, छापील चिठ्ठ्यांवरच्या पद्धतीसाठी ती जोडलेलीच नव्हती. अशा पद्धतीत सर्व्हर पडला तर काय होईल, याची चाचणी कधी झालीच नव्हती. आठवडाभरापूर्वी शहाणपणाने घेतलेली अर्धी माघार नकळत राखीव सोयीच्या बाहेर पडली होती.

त्यानंतर, पहाटे

नियंत्रण कक्षातली माणसं परिस्थितीचा अंदाज घेतात आणि पूर्णपणे कागदावर येतात. हाताने लिहिलेल्या चिठ्ठ्या, फोन, रेडिओवरचा आवाज. पहाटेची वेळ असल्याने फोन कमी आहेत आणि गोंधळ आटोक्यात राहतो. हीच गोष्ट दुपारी घडली असती तर काय झालं असतं, हे नऊ दिवसांपूर्वीच्या दुपारने दाखवून दिलेलं होतं.

सॉफ्टवेअर कंपनीला तातडीने बोलावलं जातं. कारण शेवटी सापडतं: तीन आठवड्यांपूर्वीचा तो मागे राहिलेला तुकडा.

फेब्रुवारी १९९३

चौकशी अहवाल प्रसिद्ध होतो. मेमरीच्या गळतीला त्यात किरकोळ प्रोग्रामिंग चूक म्हटलेलं आहे. ती निष्काळजीपणामुळे आणि बदललेल्या कोडची गुणवत्ता तपासणी न झाल्यामुळे घडली, असा ठपकाही आहे. त्याबरोबर एक प्रामाणिक कबुलीही आहे: नेहमीच्या पद्धतीच्या चाचणीत ही चूक सापडणं अवघड होतं.

या दोन वाक्यांच्या मधली जागा मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. चूक किरकोळ होती आणि ती नेहमीच्या चाचणीत सहज सापडण्याजोगी नव्हती. मग तिला अडवणार कोण? एका प्रोग्रामरच्या स्मरणशक्तीवर एका महानगराच्या रुग्णवाहिका टांगून ठेवणं, हाच मूळ दोष होता. तो एका माणसाचा नव्हता.

अडवायचे मार्ग तेव्हाही होते. मेमरी मागणारी ओळ लिहिताना ती कोण आणि केव्हा सोडणार, हे तिथेच लिहायचं. काम नीट झालं तर सोडायची, आणि मध्येच चूक होऊन फंक्शन अर्ध्यातून परतलं तरीही सोडायची. बऱ्याच गळत्या या दुसऱ्या वाटेवर असतात. बदललेली ओळ दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय चालू यंत्रणेत जाऊ द्यायची नाही. एकदा नव्हे, लाख वेळा तेच काम करवून मोकळी मेमरी पाहायची.

साधनंही सुधारत गेली. लिस्प भाषेसाठी जॉन मॅकार्थी यांनी १९६० च्या आगेमागेच कचरा वेचणारी यंत्रणा आणली होती: ज्याच्याकडे जाणारा पत्ता कोणाकडेच उरला नाही ती मेमरी भाषाच परत घेते. जावा, पायथनसारख्या भाषांनी तो मार्ग सगळीकडे पोचवला. सी आणि सी++ साठी २००२ मध्ये व्हॅलग्राइंड आलं. प्रोग्राम संपताना कोणता तुकडा कुठल्या ओळीवर मागितला आणि परत आला नाही, ते सांगतं. २०१५ मध्ये पहिली स्थिर आवृत्ती आलेल्या रस्ट भाषेत प्रत्येक मेमरीला एक मालक असतो आणि मालकाची मुदत संपली की मेमरी सुटते.

तरी गळती संपलेली नाही. ज्या यादीत भर पडत राहते आणि जिच्यातून कोणी काही काढत नाही, ती यादी कोणत्याही भाषेत मेमरी खाते. कचरा वेचणारी यंत्रणा तिला हात लावत नाही, कारण यादी अजून वापरात आहे असंच तिला दिसतं. रस्टही ती अडवत नाही. सोडायचं केव्हा, हे शेवटी काम समजणाऱ्या माणसालाच ठरवावं लागतं.

लंडनच्या सेवेने १९९६ मध्ये नवी यंत्रणा आणली. या वेळी ती घरच्याच माणसांनी घडवली, घाई न करता, टप्प्याटप्प्याने, वापरणाऱ्यांना सोबत घेऊन. ती यशस्वी झाली. तीच संस्था, तेच शहर, तेच ९९९. बदलली ती काम करण्याची रीत.

आज दवाखान्यात, विमानतळावर, बँकेत, रेल्वेच्या आरक्षणात महिनोन्महिने न थांबता चालणारे सर्व्हर आहेत आणि ते लिहिणाऱ्यांत मराठी मुलंमुली हजारोंनी आहेत. त्यांना हा घटनाक्रम शिकवला जावा, असं मला मनापासून वाटतं. अभ्यासक्रमात मॅलॉकला एक तास मिळतो आणि फ्रीला एक ओळ. हे प्रमाण बदलायला हवं. मेमरी मागता येणं हे भाषेचं ज्ञान आहे. ती वेळेवर, प्रत्येक वाटेवर, न चुकता परत करणं ही त्या प्रोग्रामवर विसंबलेल्या माणसांप्रतीची जबाबदारी आहे, आणि परीक्षेत गुण तिलाच जास्त असायला हवेत.